साताऱ्यात बंद खोलीतल्या रॅकवर स्ट्रॉबेरीची रोपं वाढवतोय. एलईडीला ६० अंशांची लेन्स लावू की रिफ्लेक्टर?

दिवा रोपांपासून फूट-दीड फुटावर असेल तर लेन्स लावू नका, रॅकच्या बाजू पांढऱ्या करा. लेन्सने प्रकाश वाढत नाही, आहे तोच एका जागी गोळा होतो, वर चांगल्या अ‍ॅक्रिलिकमध्येही ८-१० टक्के वाया जातो. उघड्या एलईडीचा प्रकाश साधारण १२० अंशांत पसरतो आणि रॅकवर तेच हवं असतं. ६० अंशांत कोंबलात तर मधल्या रोपांना अती होईल आणि कडेची उजेडाच्या शोधात लांबट, लुळी होतील. खरी गळती बाजूंनी होते. तिथे मॅट पांढरा रंग द्या किंवा पांढरा फ्लेक्स लावा. चांगला पांढरा रंग ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश परत फेकतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत फ्लेक्स पुसायलाही बरा. स्वयंपाकघरातली फॉइल नको, चुरगळली की कुठे जास्त, कुठे कमी उजेड पडतो. मग मोबाइलच्या लक्स ॲपने (उजेड मोजणाऱ्या) मध्यभाग आणि चारही कोपरे मोजा. लाल-निळ्या दिव्याखाली तो आकडा खरा नसतो, पण एकाच दिव्याखालच्या दोन जागांची ढोबळ तुलना करायला चालतो. कोपऱ्यात मध्यभागाच्या निम्म्याहून कमी भरलं तर आधी दिव्यांमधलं अंतर बदला.

लेन्स कामाची ठरते ती दिवा ४-५ फूट उंच टांगलेला आणि खालचा वाफा अरुंद असेल तेव्हा. तिथेही आधी ९० अंशांची लावून बघा.