अक्षरं मोठी केली की पान का मोडतं?

या महिन्यातल्या बऱ्याच पत्रांत एकच तक्रार आहे: माझ्याकडे पान नीट दिसतं, समोरच्याकडे मोडतं. त्यातली काही पत्रं इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण ते दुखणं कळलं की बाकीची अर्धी दुखणी आपोआप कळतात.

प्रश्न : ताई, मी एका वाचनालयाचं संकेतस्थळ तयार केलंय. माझ्या लॅपटॉपवर सगळं छान दिसतं. एका ज्येष्ठ सभासदांनी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करून ठेवली आहेत. त्यांच्याकडे वरचा मेनू दोन ओळींचा होऊन शीर्षकावर चढतो आणि पुस्तकांच्या चौकटींतला मजकूर अर्धाच दिसतो. मी त्यांना अक्षरं पूर्ववत करायला सांगितलं. पण असं किती जणांना सांगणार? फॉन्टचं माप पिक्सेलमध्ये देऊन टाकलं तर प्रश्न मिटेल का?

उत्तर : आधी एक विनंती. त्या सभासदांना पुन्हा असं सांगू नका. मी स्वतः क्रोममध्ये अक्षरांचं माप ‘खूप मोठं’ वर ठेवते, म्हणजे २४ पिक्सेल. त्याहून लहान अक्षर माझे डोळे फार वेळ वाचू शकत नाहीत. कुणी मला माप कमी करायला सांगितलं, तर त्याचा अर्थ ‘आमचं पान वाचू नका’ एवढाच होतो.

पिक्सेलमध्ये माप दिलंत तर पान मोडणार नाही, पण त्यांची सेटिंगच निकामी होईल. अक्षरं मोठी करायचे दोन मार्ग असतात. पहिला झूम: त्यात अक्षरं, चित्रं, चौकटी सगळंच वाढतं, आणि पिक्सेलमधली मापंही वाढतात. दुसरा मार्ग म्हणजे ब्राउझरचं मूळ अक्षरमाप बदलणं. हे मूळ माप सहसा १६ पिक्सेल असतं, आणि ते बदललं की फक्त रेम, एम (अक्षरमापाच्या पटीत मोजणारी एककं; १ रेम म्हणजे पानाचं मूळ अक्षरमाप) किंवा टक्क्यांत दिलेली मापं हलतात. पिक्सेलमधलं माप जागचं हलत नाही. त्यांच्याकडे अक्षरं मोठी होतात, याचा अर्थ तुम्ही फॉन्ट रेममध्ये दिलेत. ते उत्तमच केलंत. चूक चौकटींत आहे.

तुम्ही पाठवलेल्या सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या फाइलमध्ये, पुस्तकाच्या चौकटीची उंची १८० पिक्सेल आहे, वर-खाली १२-१२ पिक्सेल पॅडिंग (आतली मोकळी जागा) आहे आणि ‘ओव्हरफ्लो: हिडन’ आहे. शीर्षक १.२५ रेम, वर्णन १ रेम, लाइन-हाइट (ओळीची उंची) अक्षराच्या १.५ पट. मूळ माप १६ असताना शीर्षकाची एक ओळ ३० पिक्सेल उंच होते, दोन ओळींचे ६०. वर्णनाची ओळ २४ ची, चार ओळींचे ९६. एकूण १५६, त्यात पॅडिंगचे २४ मिळवले की बरोब्बर १८०. तुमच्याकडे ते का चपखल बसतं ते दिसलं ना? आता मूळ माप २४ करा. शीर्षकाची ओळ ४५ ची झाली, वर्णनाची ३६ ची. पण चौकटीची रुंदी तेवढीच राहिली, म्हणून एका ओळीत कमी शब्द मावू लागले. दोन ओळींच्या तीन झाल्या, चारांच्या सहा. तीन गुणिले ४५ म्हणजे १३५, सहा गुणिले ३६ म्हणजे २१६, एकूण ३५१. अक्षर दीडपट झालं, ओळीही दीडपट झाल्या, म्हणून लागणारी उंची सव्वादोनपट झाली. अंदाजाने चौकट ‘थोडी मोठी’ करून ठेवणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकतो.

तेव्हा चौकटीला उंची देऊच नका. रिकामी चौकट फारच बुटकी वाटत असेल तर ‘मिन-हाइट’ द्या, तेही रेममध्ये. ‘ओव्हरफ्लो: हिडन’ काढून टाका. ते मजकूर आवरत नाही, दडवतं. शेजारशेजारच्या चौकटी समान उंचीच्या हव्यात म्हणून तुम्ही उंची बांधली असणार. ते काम ग्रिड ही सीएसएसची आडव्या-उभ्या रांगांची मांडणी आपण होऊन करतं: एका रांगेतली सर्वांत उंच चौकट जेवढी, तेवढ्या सगळ्या होतात. रांगेत तीनच चौकटी हव्यात असाही हट्ट नको. ग्रिडमध्ये ‘ऑटो-फिट’ (मावतील तेवढ्याच चौकटी) घालून चौकटीची किमान रुंदी १६ रेम ठेवा. १६ च्या मूळ मापाला ती २५६ पिक्सेल होईल, २४ ला ३८४. त्या सभासदांना तीनऐवजी दोन चौकटी दिसतील, पण पूर्ण दिसतील. फक्त अगदी अरुंद पडद्यावर ही किमान रुंदीच बाहेर जाऊ नये म्हणून ‘मिन’ फंक्शनमध्ये १६ रेम आणि १०० टक्के अशी जोडी द्या.

मेनूचंही तेच. हेडरची, म्हणजे वरच्या पट्ट्याची, ६० पिक्सेल उंची काढा, मेनूला ‘फ्लेक्स-रॅप: रॅप’ (न मावलेलं पुढच्या ओळीत जाऊ द्या) ही सूचना द्या. दुसरी ओळ झाली तर होऊ दे, खालचं शीर्षक तेवढं खाली सरकेल. मात्र हेडर ‘पोझिशन: फिक्स्ड’, म्हणजे पान सरकवलं तरी पडद्यावर एका जागी खिळलेला, असेल तर तो प्रवाहातून बाहेर पडलेला असतो. मग खालच्या मजकुराला त्याची उंची कळतच नाही, आणि तुमचं शीर्षक झाकलं जातंय ते यामुळेच. ‘स्टिकी’ (वर पोचल्यावर तिथेच चिकटणारा) वापरलंत तर तो आपली जागा राखतो. तरी मोठ्या अक्षरांत स्टिकी हेडर पडद्याचा मोठा भाग कायमचा अडवून बसतो, म्हणून मी तो मोठ्या अक्षरांत साधाच ठेवायला सांगते. त्यासाठी मीडिया क्वेरीचं, म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणाऱ्या अटीचं, माप एममध्ये लिहा. मीडिया क्वेरीतला एम वाचकाच्या मूळ मापावरून ठरतो: ४८ एम म्हणजे १६ ला ७६८ पिक्सेल, पण २४ ला ११५२. म्हणजे मोठी अक्षरं वापरणाऱ्याला रुंद पडद्यावरही आपोआप मोबाइलची सुटसुटीत मांडणी मिळते. मला यासारखी उपयोगी आणि कमी वापरली जाणारी दुसरी सोय माहीत नाही.

एक गोष्ट राहिली. तुमच्या फाइलच्या सुरुवातीला एचटीएमएल या मूळ घटकाला फॉन्ट-साइज टक्क्यांत दिली आहे, १०० टक्के. टक्के असल्यामुळे वाचकाची सेटिंग शाबूत राहते. त्याच जागी कुणी १६ पिक्सेल लिहिले की ती मेली. पुढे कुणी ‘सुधारणा’ करायला गेलं तर तेवढी ओळ सांभाळा.

प्रश्न : तीन रकाने ३३ टक्क्यांचे, ‘इनलाइन-ब्लॉक’ केलेले, म्हणजे शब्दांसारखे एका ओळीत मांडलेले. बेरीज ९९ होते, तरी काही जणांकडे तिसरा रकाना खाली घसरतो. ब्राउझरचा बग आहे का?

उत्तर : बग नाही. एचटीएमएलमध्ये दोन रकान्यांच्या टॅगांमध्ये तुम्ही एंटर मारलेला आहे. इनलाइन-ब्लॉकमध्ये तो एंटर म्हणजे एक स्पेस, आणि स्पेसला रुंदी असते, बहुतेक फॉन्टमध्ये अक्षरमापाच्या साधारण पाव. तुमचा पट्टा ९६० पिक्सेलचा आहे, उरलेला १ टक्का म्हणजे ९.६. अक्षर १६ चं असेल तर दोन स्पेसचे ८, मावतात. अक्षर २० चं झालं की १०, आणि तिसरा रकाना खाली. फॉन्ट बदलला तरी स्पेसची रुंदी बदलते, म्हणून एकाच मापाला एका संगणकावर बसतं आणि दुसऱ्यावर घसरतं. टॅग एकमेकांना चिकटवून लिहिणं, पट्ट्याची फॉन्ट-साइज शून्य करणं हे उपाय सुचवणारे भेटतील; त्यांच्या मागे लागू नका. फ्लेक्स (एका रांगेत मांडणारी पद्धत) किंवा ग्रिड घ्या, तिथे टॅगांमधल्या मोकळ्या जागेची रुंदी धरली जात नाही.

फ्लेक्स घेतलंत तर एक ध्यानात ठेवा. फ्लेक्समधला रकाना आपल्या आतल्या सर्वांत लांब, न तुटणाऱ्या शब्दापेक्षा अरुंद व्हायला तयार नसतो. आत एखादी लांबलचक लिंक आली की रकाना फुगून पट्ट्याबाहेर जातो. रकान्याला ‘मिन-विड्थ: शून्य’ आणि मजकुराला ‘ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर’ दिलं की तो ताळ्यावर येतो.

प्रश्न : एका जुन्या आयपॅडवर माझ्या चौकटी एकमेकींना चिकटून दिसतात, मधली जागाच गायब. तिथे क्रोम टाकून पाहिलं, तरी तेच.

उत्तर : तुम्ही फ्लेक्समध्ये ‘गॅप’ वापरलाय. फायरफॉक्समध्ये तो २०१८ मध्ये आला, क्रोममध्ये २०२० मध्ये, सफारीत मात्र २०२१ च्या एप्रिलमध्ये, १४.१ या आवृत्तीबरोबर. त्याआधीची सफारी ती ओळ निमूटपणे सोडून देते. जुन्या आयपॅडवरच्या क्रोमच्या आतही सफारीचंच इंजिन (पान मांडणारा गाभा), वेबकिट, असतं, त्यामुळे ब्राउझर बदलून फरक पडत नाही.

इथे एक फसवी वाट आहे. ‘सपोर्ट्‌स’च्या अटीने गॅप चालतो का असं विचारलंत, तर ती जुनी सफारीही ‘हो’ म्हणते, कारण ग्रिडमधला गॅप तिला आधीपासून येतो. अट फ्लेक्स आणि ग्रिड असा भेद करत नाही. सरळ उपाय म्हणजे त्या चौकटी ग्रिडमध्ये मांडणं. फ्लेक्सच हवं असेल तर चौकटींना मार्जिन द्या.

प्रश्न : देवनागरी मथळ्यांत खालचे उकार आणि वरच्या वेलांट्या कापल्या जातात. माझ्याकडे नाही, पण विंडोजवाल्यांकडे. लॅटिन मथळे मात्र ठीक.

उत्तर : विंडोजवाल्यांकडे बहुधा तुम्ही निवडलेला फॉन्ट पोचतच नाही. मग ब्राउझर त्या संगणकावरचा देवनागरी फॉन्ट उचलतो: विंडोजवर निर्मला यूआय, ॲपलवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर नोटो. प्रत्येकाची वरची-खालची उंची निराळी. लाइन-हाइट १.१ आणि वर ‘ओव्हरफ्लो: हिडन’ असेल तर रेषेवरचा रफार आणि रेषेखालचा ऊकार यांना जागाच उरत नाही. लॅटिन अक्षरांचा पसारा कमी, म्हणून ती निभावतात. देवनागरी मथळ्याला मी १.४ च्या खाली जात नाही, आणि सलग मजकुराला १.६ ते १.७ ठेवते. माप एककाशिवाय लिहा. लाइन-हाइट पिक्सेलमध्ये दिली तर अक्षर मोठं होऊनही ओळ तेवढीच राहते आणि वरची ओळ खालच्या ओळीत शिरते.

आणि मथळ्यांवरची लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधली वाढीव जागा) काढा. तिने शिरोरेषा तुटते. मथळा उठून दिसावा असं वाटत असेल तर ठळक करा, मोठा करा. शब्दाचे तुकडे करू नका.

प्रश्न : माझं पान मॅकवर ठीक, विंडोजवर मात्र खाली आडवा स्क्रोलबार येतो.

उत्तर : कुठेतरी रुंदी १०० व्हीडब्ल्यू (खिडकीची पूर्ण रुंदी) दिली असणार. त्यात उभ्या स्क्रोलबारची रुंदीही मोजली जाते. मॅकवर स्क्रोलबार सहसा मजकुरावर तरंगतो, विंडोजवर तो जागा घेतो, म्हणून तेवढाच भाग बाहेर जातो. १०० टक्के लिहा. मोबाइलवर १०० व्हीएचमुळे (पडद्याची पूर्ण उंची) खालचं बटण पत्त्याच्या पट्टीमागे दडतं तिथे त्या पट्टीचा हिशेब धरणारं, २०२२ पासून मिळणारं डीव्हीएच किंवा एसव्हीएच वापरा.

प्रश्न : आयफोनवर फॉर्मच्या रकान्यात बोट ठेवलं की पान आपोआप मोठं होतं. ग्राहकाला ते नकोय, म्हणून मी व्ह्यूपोर्ट टॅगमध्ये (मोबाइलवर पान कसं मावावं हे सांगणारी ओळ) ‘युझर-स्केलेबल: नो’ टाकलं. बरोबर ना?

उत्तर : नाही. कृपया आजच काढा. आयफोनच्या सफारीने २०१६ पासून, म्हणजे आयओएस १० पासून, ही सूचना मानणं सोडलंय. अँड्रॉइडवर मात्र ती चालते, आणि ज्याला दोन बोटांनी पान मोठं करूनच वाचता येतं त्याच्यापुढे तुम्ही दार लावता. झूमचा हक्क वाचकाचा आहे. ग्राहकाला तो काढून घ्यायचा अधिकार नाही आणि आपल्याला तर नाहीच. ग्राहकाशी यावर वाद घालावा लागला तर घाला. डब्ल्यूसीएजी या सुलभतेच्या मानकात २००८ पासूनच अट आहे की मजकूर २०० टक्क्यांपर्यंत वाढवला तरी काही हरवता कामा नये. २०१८ च्या आवृत्तीत त्यात भर पडली: ३२० पिक्सेल रुंदीतही सलग मजकूर आडवा सरकवावा न लागता वाचता आला पाहिजे. १२८० पिक्सेलच्या पडद्यावर ४०० टक्के झूम केलं की नेमकी तेवढीच रुंदी उरते.

तुमच्या मूळ दुखण्याचं कारण वेगळंच आहे. रकान्यातलं अक्षर १६ पिक्सेलहून लहान असलं की आयफोन ते वाचता यावं म्हणून पान जवळ आणतो. इनपुट आणि बटणं पानाचा फॉन्ट आपोआप घेत नाहीत, बहुतेक ब्राउझरांत ती १३ पिक्सेलच्या आसपास राहतात. त्यांना ‘फॉन्ट: इनहेरिट’ द्या आणि माप किमान १ रेम ठेवा. आयफोनला पान मोठं करायचं कारणच उरणार नाही, आणि तुमच्या फॉर्ममधली अक्षरंही सगळ्यांना नीट वाचता येतील.

प्रश्न : एवढे ब्राउझर आहेत. तपासायचं तरी कशाकशात?

उत्तर : इंजिनं तीनच मोजा. क्रोम आणि ओपेरा एका इंजिनावर, ब्लिंकवर, चालतात. २०२० च्या जानेवारीपासून एजही त्याच्यावरच. फायरफॉक्सचं गेको, सफारीचं वेबकिट. क्रोममध्ये पाहून झालं की एजमध्ये वेळ घालवू नका, तो वेळ फायरफॉक्सला द्या. त्याच्या ‘पाहा’ मेनूत झूमखाली ‘फक्त मजकूर झूम करा’ हा पर्याय आहे. तो चालू करून २०० टक्क्यांवर न्या आणि पान वरपासून खालपर्यंत सावकाश वाचा. बांधलेली प्रत्येक उंची तिथे उघडी पडते.

आणि त्याआधी फाइलच्या पहिल्या ओळीत डॉकटाइप, म्हणजे पान कोणत्या नियमांनी मांडायचं ते सांगणारी सूचना, आहे ना ते पाहा. ते नसेल तर ब्राउझर क्वर्क्स मोडमध्ये जातो, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या पानांसाठी राखलेल्या जुन्या नियमांनी पान मांडतो. त्यात तक्त्यांमधला मजकूर बॉडीला दिलेलं अक्षरमाप घेतच नाही. तुमच्यापैकी दोघांच्या पत्रांत ‘फक्त टेबलातली अक्षरं वेगळी दिसतात’ अशी तक्रार आहे. दोन्ही फाइलींत ही पहिली ओळच नव्हती.