कोलेजनची वेणी कोणी आणि कशी सोडवली? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्याकडे कोलेजन पावडरचे दोन डबे आहेत. एक पाण्यात टाकली की लगेच विरघळते, वास अजिबात नाही. दुसरीच्या गुठळ्या होतात आणि ग्लास तोंडाजवळ नेला की माशाचा वास येतो. मैत्रीण म्हणते वासवाली जास्त नॅचरल असते, कमी प्रोसेस केलेली. खरं आहे का? आणि मी ती गरम कॉफीत घालते तर त्यातलं कोलेजन मरतं का?

उत्तर: नाही ताई, वास येतो म्हणजे नॅचरल असं नसतं, बहुतेक वेळा वास येतो म्हणजे सफाई अर्धवट राहिलीये. कोलेजन म्हणजे प्राण्यांच्या शरीरातलं एक प्रथिन, ते काढतात कातडी, हाडं, माशांचे खवले यातून, आणि पहिलं काम असतं त्यातली चरबी काढणं, हाडं-खवले असतील तर सौम्य आम्लात ठेवून खनिजं काढणं. चरबी राहिली की ती पुढे खवट होते आणि डबा उघडल्या उघडल्या कळतं. नंतर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनमधून, फिल्टरमधून गाळतात, तिथे रंग आणि उरलेला वास जातो. ही पायरी घाईघाईत अर्धवट उरकली की झाकायला मग भरपूर फ्लेवर आणि साखर घालावी लागते. म्हणून मी तरी नेहमी बिनफ्लेवरची घ्या म्हणते, तिच्यात काही लपत नाही.

आता मुख्य गोष्ट. अख्खं कोलेजन म्हणजे घट्ट तिपेडी वेणी, एकेका पेडात साधारण 1000 अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे एकेक मणी, सगळं मिळून 3 लाख डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) आसपास वजन. उष्णता दिली की वेणी सुटते, पेड मोकळे होतात, त्याला आपण जिलेटिन म्हणतो. मग त्या मोकळ्या पेडांचे एन्झाइमने, म्हणजे कात्रीसारखं कापणाऱ्या प्रथिनाने, बारीक तुकडे करायचे, ते झाले कोलेजन पेप्टाइड्स, म्हणजेच हायड्रोलाइज्ड कोलेजन, आणि चांगल्या पावडरीत हे तुकडे बहुतेक 2000 ते 5000 डाल्टनचे असतात. म्हणजे तुमच्या डब्यातली वेणी कारखान्यातच सुटलेली आहे, मुद्दाम सोडवलेली आहे, त्यामुळे गरम कॉफीने त्यात मरण्यासारखं काही उरलेलंच नाही, बिनधास्त घाला.

तुकडे कशाने केले हे मात्र विचारायला हवं. एन्झाइम ठरावीक जागीच कापतं, तापमान आणि वेळ सांभाळली की पाहिजे तेवढे तुकडे मिळतात. तीव्र आम्लाने किंवा अल्कलीने कापलं तर कापणी आडवीतिडवी होते आणि नंतर ते आम्ल शमवताना मीठ तयार होतं, ते नीट काढलं नाही तर पावडर खारट लागते. आणि जितके बारीक तितकं भारी असंही नाही हं! फार कापलं की कडवटपणा येतो, आणि सगळंच सुटं होऊन नुसती अमिनो आम्लं उरली तर पेप्टाइडचे पैसे कशाला द्यायचे. कोलेजन पेप्टाइड घेतल्यावर प्रोलिन-हायड्रॉक्सिप्रोलिनसारख्या दोनच अमिनो आम्लांच्या जोड्या रक्तात सापडतात, या पावडरीचं वेगळेपण सांगतात ते त्यांच्याच जोरावर.

घरी एक करून बघा, मी स्वतः केलंय. चमचाभर पावडर अर्धा ग्लास गरम पाण्यात विरघळवली आणि ग्लास रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. एका डब्याचं पाणी सकाळी तसंच पातळ होतं, दुसऱ्याचं ग्लास तिरका केला तरी हलेना, मऊसर थरथरणारी जेली झालेली. गोठलं म्हणजे ते जिलेटिनच आहे किंवा कापणी अर्धवट आहे. जिलेटिन वाईट नाही, पण पेप्टाइड म्हणून विकलेलं असेल तर ती फसवणूक आहे, मला याचा खरंच राग येतो. गुठळ्यांवरून मात्र घाईने निकाल देऊ नका, शेवटी स्प्रे ड्राय करून, म्हणजे द्रव गरम हवेत फवारून वाळवून, जे फार बारीक पीठ होतं त्याच्या गुठळ्या होतातच, काही कंपन्या त्याचे परत हलके दाणे करतात म्हणून ते पटकन विरघळतं.

अजून एक, शिसं, कॅडमियम, आर्सेनिक हे कच्च्या मालातून येऊ शकतात आणि जिभेला कळत नाहीत. बॅचचा लॅब रिपोर्ट मागा, देत नसतील तर सोडून द्या.

प्रश्न: मी गुडघ्यांसाठी अनडिनेचर्ड टाइप टू ची 40 मिलिग्रॅमची कॅप्सूल घेतो. बायको रोज 10 ग्रॅम पावडर घेते, ती म्हणते एवढ्याशाने काय होणार?

उत्तर: दादा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुलना करू नका. वहिनींची पावडर कच्चा माल पुरवते. अनडिनेचर्ड म्हणजे वेणी न सुटलेलं, आणि टाइप टू म्हणजे कूर्चेत, सांध्यातल्या मऊ लवचिक हाडात, असतं त्या प्रकारचं कोलेजन. तुमच्या कॅप्सूलमध्ये सहसा कोंबडीच्या छातीच्या कूर्चेतलं कोलेजन असतं आणि ते कमी तापमानात अशा बेताने काढतात की वेणी शाबूत राहावी. कल्पना अशी की आतड्यातल्या रोगप्रतिकारक पेशींना ती अख्खी वेणी ओळखीची होते आणि सांध्यातल्या कोलेजनवरची त्यांची चिडचिड कमी होते, म्हणून डोस एवढा छोटा. इथे उष्णता खरी शत्रू, त्यामुळे कॅप्सूल फोडून गरम पेयात घालू नका. दुखणं वाढत असेल तर नुसत्या कॅप्सूलवर राहू नका, डॉक्टरांना गुडघा दाखवा.

प्रश्न: मला माशांची अ‍ॅलर्जी आहे. मरीन कोलेजन हायड्रोलाइज्ड असेल तर चालेल ना?

उत्तर: नको. माशाचं कोलेजन स्वतःच काही जणांना अ‍ॅलर्जी देतं, आणि तुकडे केल्याने ती कमी झाली तरी पूर्ण गेली याची खात्री कोणी देऊ शकत नाही. घ्यायचंच असेल तर दुसऱ्या प्राण्याचं बघा, तेही आधी तुमच्या डॉक्टरांना विचारून, आणि लेबलवर कोणत्या प्राण्यापासून काढलंय हे लिहिलेलं नसेल तर तो डबा घेऊच नका.