काळ्या गाडीवरचे गोल ओरखडे

प्रश्न : माझ्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात. दुकानदार रबिंग कंपाउंड घ्या म्हणतो. घेऊ का? – एक वाचक, मालवण

उत्तर : इतक्यात नको. कंपाउंड म्हणजे जाडसर, जास्त घासणारं पॉलिश. आधी ओरखड्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकलं, तर तो पॉलिशने पूर्ण जाणार नाही. हट्टाने घासत बसू नका. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअरकोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ असतो आणि प्रत्येक पॉलिश त्यातला थोडा खातंच.

नख अडकत नसेल, तर मेग्वायर्स एम२०५ सारखं बारीक फिनिशिंग पॉलिश मऊ फोम पॅडवर घ्या आणि वीतभर जागेवर करून बघा. ओरखडे राहिले तरच कंपाउंड, आणि त्यावर पुन्हा बारीक पॉलिश. काळ्या रंगावर नुसतं कंपाउंड मारून सोडलं की धुरकट झाक राहते, ती मला बघवत नाही. मशीन ड्युअल अ‍ॅक्शनचंच वापरा, म्हणजे ज्यात पॅड फिरता फिरता डोलतंही. नवख्या हातात नुसती गोल फिरणारी रोटरी कडांचा रंग उडवते.

मेण किंवा ग्लेझ (चकाकी देणारा लेप) ओरखडे भरून लपवतं, काढत नाही. म्हणून पॉलिशनंतर पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा पुसा, मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि मगच निकाल ठरवा.

आपल्याकडे खरा शत्रू जांभ्याची लाल धूळ आणि खारा वारा. सकाळी कोरड्या फडक्याने गाडी झटकायची सवय आजच सोडा. भरपूर पाणी मारून मगच मायक्रोफायबर लावा. आणि तापलेल्या पत्र्यावर पॉलिश नकोच, ते सुकून चिकटतं.