थर्मोस्टॅट काढून फेकू नकोस

भावा, घाटात तापमानाचा काटा लालवर गेला म्हणून लगेच इंजिनचं हेड (वरचा भाग) उघडायला देऊ नकोस. आधी कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी, फॅनबेल्ट आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा बघ.

सगळं ठीक असेल तर थंड गाडी चालू कर आणि वरच्या रेडिएटर पाइपला अधूनमधून हात लाव. शर्टाची बाही फॅनपासून सांभाळ. काटा मधल्या खुणेच्या वर चढतोय आणि पाइप कोमटच? मग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप, उघडत नाहीये. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील तर मात्र हेड गॅस्केटचा (हेडखालच्या सीलचा) संशय घे.

रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघड. माझ्या मनगटावर अजून डाग आहे. थोडं कूलंट काढ, थर्मोस्टॅटच्या हाउसिंगचे (वरच्या कव्हरचे) बोल्ट सोड, जुन्या गॅस्केटचा कण न कण खरवड. नव्या थर्मोस्टॅटची स्प्रिंगची बाजू इंजिनकडे, छोटी पिन असेल तर ती वर.

नवा बसवण्याआधी दोरीला बांधून पाण्यात तापव. त्यावर ८२ (अंश सेल्सिअस) छापलेलं असेल तर उकळी फुटायच्या आधीच तोंड उघडायला हवं. घरचं चहाचं पातेलं घेऊ नकोस, शिव्या बसतील.

कूलंट भरताना हीटर फुल गरमवर ठेव, म्हणजे अडकलेली हवा निघते.

मेस्त्री म्हणेल, "थर्मोस्टॅट काढूनच टाकू, आपल्याकडे गरमीच असते." ऐकू नकोस. डिझेल इंजिन नीट तापलं नाही की ॲव्हरेज पडतं आणि सकाळी पांढरा धूर सोडत बसतं.