नाव मोठं की जवळचं कॉलेज?

प्रश्न : ताई, सप्लाय चेनमध्ये 4 वर्षं नोकरी केली, आता एमबीए करायचंय. दोन ठिकाणी नंबर लागलाय. एक रँकिंगमध्ये बरंच वर आहे पण पार दुसऱ्या टोकाला. दुसरं आमच्याच भागातलं, नाव फारसं कुणाला माहीत नाही, पण इथल्या कंपन्या तिथे भरतीला येतात म्हणे. पुढे नोकरी मला इथेच करायचीय. घरचे म्हणतात नाव बघ, मैत्रिणी म्हणतात फी बघ, माझं तर डोकंच चालेनासं झालंय.

उत्तर : अगं, नोकरी कुठे करायचीय हे तुला माहितीय म्हणजे अर्धं काम झालंच की, बऱ्याच जणांना तेच ठरवता येत नाही.

आधी रँकिंगचं बघू. फायनान्शियल टाइम्स या ब्रिटिश वृत्तपत्राच्या एमबीए यादीत पास होऊन 3 वर्षं झालेल्यांचा पगार आणि पगारवाढ याला मोठं वजन असतं, आणि यादीत यायला आधी एएसीएसबी किंवा इक्विस ही बिझनेस स्कूलांना मिळणारी आंतरराष्ट्रीय मान्यता लागते, त्यामुळे कितीतरी प्रादेशिक कॉलेजं त्या शर्यतीत उतरतच नाहीत, म्हणजे यादीत नाव नाही म्हणून कॉलेज टाकाऊ असं काही नसतं. मान्यता असली तर चांगलंच, पण तुझ्या भागात तुला नोकरी लागेल का हे ती कुठून सांगणार?

ते कळतं प्लेसमेंट रिपोर्टवरून, तोही नीट वाचलास तर. समजा 10 जणांपैकी 9 जणांना 10-10 लाखांचं पॅकेज मिळालं आणि एकाला 60 लाखांचं, तर सरासरी येते 15 लाख, जी त्यातल्या एकालाही मिळालेली नाही! म्हणून कॉलेजला मीडियन किती ते विचार, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येतो तो आकडा, इथे तो 10 लाख येतो. आणि '100 टक्के प्लेसमेंट' म्हणजे कितीपैकी 100 टक्के? कधी कधी फक्त प्लेसमेंटला नाव दिलेल्यांचाच हिशोब असतो, अख्ख्या बॅचचा नाही. मला तर ब्रोशरवर हा आकडा जेवढा ठळक दिसतो तेवढी जास्त शंका येते.

आता खरं काम. दोन्हीकडची 3-4 वर्षांपूर्वी पास झालेली, तुझ्यासारखीच सप्लाय चेनमधून आलेली 8-10 जणं लिंक्डइनवर शोध आणि बघ ती आज कुठे आहेत. मोठ्या नावाच्या कॉलेजातली तुझ्या भागात दिसलीच नाहीत तर नोकरी शोधताना तिथे तुझ्या ओळखीचं कोण असणार, आणि जवळच्या कॉलेजातली सगळी जुन्याच पदावर अडकलेली दिसली तर फी कमी असून तरी काय उपयोग, कारण दोन वर्षांचा बुडालेला पगारही खर्चातच धरायचा असतो ना. सप्लाय चेनची इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या आवडीने निवडायचा विषय, गेल्या वर्षी खरंच चालली का हेही त्यांनाच विचार, नुसती कागदावर असते कधी कधी.

मला विचारशील तर माझा कल जवळच्या कॉलेजकडे आहे, पण त्या 8-10 जणांशी बोलल्याशिवाय फी भरू नकोस. तारीख जवळ आली असेल तर मुदतवाढ माग, मागायला काय जातं.