डेल्फ्टच्या मलमाच्या बरणीला लोणा लागलाय? ब्लीच नको!

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला. हॉलंडमधल्या लायडनच्या बाजारातून आणलेली, डेल्फ्ट या तिथल्याच गावाच्या नावानं ओळखली जाणारी जुन्या औषधालयातली मलमाची बरणी, पुण्यातल्या पावसाळ्यानंतर तिच्यावर पांढरी पूड, काठाचं ग्लेझ (वरचा काचेसारखा थर) सुटायला लागलेलं, आणि कुणीतरी सल्ला दिलाय की रात्रभर ब्लीचमध्ये ठेवा. कृपा करून ठेवू नका. मी ठेवली होती.

तेव्हा मी हॉलंडमध्ये राहायचे. माझी बरणी मुठीत मावेल एवढी, 18व्या शतकातली, निळ्या रेघांची. तपकिरी डाग जाईनात म्हणून एका दुरुस्तीवाल्याकडे नेली (नाव घेत नाही). नुसतं बघायचे पैसे घेतले, बरणी हातातही धरली नाही आणि म्हणाला, ब्लीचमध्ये बुडवा. डाग गेले. दीड महिन्यानं फळीवर निळ्या रेघांचे पापुद्रे पडलेले दिसले. अजून राग येतो.

ही चिनी माती नव्हे. वरून कथिल घातलेलं शिशाचं ग्लेझ आणि आत पाणी पिणारी मऊ भाजकी माती. अशा कितीतरी बरण्या तिथल्या जुन्या घरांच्या शौचखड्ड्यांतून निघतात, म्हणजे जमिनीतले क्षार त्यांच्यात आधीच मुरलेले. ब्लीचनं त्यात मिठाची भर पडते. माती वाळली की ग्लेझखाली क्षारांचे स्फटिक धरतात आणि ग्लेझ उचकटून काढतात. आपल्याकडे लोणा लागलेल्या भिंतीचा गिलावा सुटतो, अगदी तसंच. हवा दमट, मग कोरडी, पुन्हा दमट, असं झालं की दरवेळी थोडं आणखी सुटतं.

मी काही तज्ज्ञ नाही, स्वतःच्या अनुभवावरून सांगतेय. ग्लेझ घट्ट असेल आणि बरणी कुठे चिकटवलेली नसेल, तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवून रोज पाणी बदलावं. नळाचं नको, त्यातही क्षार असतात. आरओवाल्याकडचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या. पाण्यातला आकडा वाढायचा थांबला की बरणी बाहेर काढून सावलीत हळूहळू वाळवा. पण तुमचं ग्लेझ सुटतंय, तेव्हा तुम्ही भिजवूसुद्धा नका. संग्रहालयाचं काम करणाऱ्या संवर्धकालाच दाखवा, आणि जो बरणी हातात न धरता उपाय सांगेल त्याच्याकडून उठून या.

आत काही वाळलेलं चिकटलं असेल तर खरवडू नका. त्या काळच्या मलमांत पारा आणि शिसंही असायचं. शिवाय तो त्या बरणीचा इतिहास आहे. काठ बाहेर वळलेला आहे ना? आपण लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतो तसं तिथे चर्मपत्र किंवा कापड दोऱ्यानं बांधायचे.

तोवर बरणी आतल्या कपाटात ठेवा, स्वयंपाकघरात किंवा खिडकीत नको. पूड पुसू नका. पडलेला प्रत्येक कपचा पाकिटात घालून वर तारीख लिहा. माझे मी त्या सकाळी झाडून टाकले, त्यामुळे पुढे चांगली संवर्धक भेटली तेव्हा तिला चिकटवायला काहीच उरलं नव्हतं.