जोर लावावा लागला की मशीन बंद

चि. बाबूस, अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप पोचला. चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी 20 इंची असलेलं मोठं चेनसॉ मशीन हप्त्यावर मिळतंय म्हणून घेऊ का, असं विचारलंयस. घेऊ नकोस, निदान यंदा तरी. आपल्याकडे वर्षभर जी कामं येतात ती बहुतेक घरावर वाकलेल्या फांद्यांची, तारांत घुसलेल्या जांभळाची, कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, वठून उभ्या राहिलेल्या माडाची. त्याला 16 इंची पट्टी पुरते. जड मशीनने दुपारपर्यंत हात गळतात आणि गळालेल्या हातात चेन फिरत राहते.

वाचलेल्या पैशांतून हेल्मेट, कानावरची झाकणं, तोंडावरची जाळी आणि चेनसॉची पँट घे. त्या पँटीत लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली की धागे ओढले जाऊन आत चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाला, म्हणजे स्प्रॉकेटला, गुंडाळतात आणि चेन अडकून थांबते. मे महिन्यात ती घालून किती घाम येतो ते मला सांगू नकोस, मी घालतो. बर्मुडा आणि चपला घालून फांद्या तोडणारे तू पाहिलेस, मीही पाहतो; त्यांच्याबरोबर कामाला जाऊ नकोस, एवढंच म्हणतो.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे कानस. मशीन आपल्या वजनाने लाकडात उतरलं पाहिजे. तुला वरून दाबावं लागलं की समज, धार गेली. दाबणारा माणूस पुढे झुकलेला असतो, फांदी अचानक सुटली की तोल त्याचाच जातो. या धंद्यातले किती अपघात बोथट चेनपासून सुरू होतात ते कुणी लिहून ठेवत नाही. खाली काय पडतंय ते बघायची सवय लाव. धारदार चेन लाकडाचे जाडसर तुकडे काढते, बोथट चेन पीठ पाडते. पीठ दिसलं की थांब.

कानस चेनच्या मापाची हवी. 0.325 इंच पिचच्या (पिच म्हणजे कड्यांमधल्या अंतराचं माप) चेनला 4.8 मिमी, 3/8 ला 5.2, आणि झाडावर चढून वापरायच्या लहान मशीनच्या बारीक 3/8 चेनला 4 मिमी. बहुतेक चेनला कोन 30 अंशांचा असतो. दात्याच्या माथ्यावर तिरकी खूण असते, तिच्या रेषेत कानस धर. फक्त पुढे ढकलायची, मागे येताना उचलायची. सगळ्यांत आखूड दाता शोध आणि बाकीचे त्याच्या लांबीला आण. एका बाजूचे दाते लांब राहिले तर काप तिरका जातो. काप तिरका जातोय आणि दाते मात्र सारखे आहेत, तर पट्टीची कड झिजलेली असते. म्हणूनच धार लावताना पट्टी अधूनमधून उलटी करून बसवायची, तिची खाच आणि तेलाचं भोक साफ करायचं.

दात्यापुढे जो बुटका उंचवटा असतो, तो दाता लाकडात किती खोल जाणार ते ठरवतो. दात्यापेक्षा साधारण 0.65 मिमी खाली हवा. पट्टी-गेज ठेवून सपाट कानशीने घास, अंदाजाने नको. झटपट कापावं म्हणून तो खूप खाली घासणारे आहेत. अशी चेन लाकडाला चावते आणि मशीन उसळतं. पट्टीच्या टोकाचा वरचा चतकोर भाग कशालाही टेकवू नकोस. तिथूनच मशीन उलटून तोंडावर येतं. डावा अंगठा पुढच्या दांड्याखालून गुंडाळलेला असू दे. आणि मशीन हातात लटकवून दोरी ओढायची तऱ्हा सोड. जमिनीवर ठेव, ब्रेक लाव, मागच्या दांड्यात बुटाचं टोक घाल आणि मग ओढ.

आपल्याकडे धार जाते ती तीन कारणांनी. पहिलं, रस्त्याकडेच्या आंब्यांवर बोर्ड ठोकून सोडलेले खिळे. दुसरं, सालीतली लाल धूळ आणि वाळवीची माती. कापण्याआधी कोयत्याने साल खरवडून घ्यायची. तिसरा माड. त्याच्या लाकडात वाळूसारखा सिलिका असतो, शिवाय तंतू स्प्रॉकेटच्या झाकणाखाली दोऱ्याच्या गुंड्यासारखे साचतात. माडाच्या दिवशी झाकण मधून मधून उघड.

पेट्रोलचं थोडक्यात सांगतो. चांगलं टू-स्ट्रोक ऑइल असेल तर लिटरला 20 मिली, म्हणजे 50 ला 1. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आपला पावसाळा तुला ठाऊक आहे. मिश्रण लागेल तेवढंच कर, महिन्यापेक्षा जास्त ठेवू नकोस. पट्टीला गाडीचं जळकं ऑइल घालू नकोस, आपण लोकांच्या विहिरींच्या काठावर काम करतो. काम झालं की चेन सैल कर, गार होताना ती आवळते. आवाज अचानक चिरका झाला तर पेट्रोल कमी मिळतंय असं समज. फिल्टर, नळी बघून घे. तसंच चालवलंस तर पिस्टन जळेल.

आता झाड. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे फुगीर कड असते. काप तिच्या बाहेरून घ्यायचा. खोडाला चिकटून नाही आणि वीतभर खुंट ठेवूनही नाही. जड फांदी असेल तर आधी थोडं बाहेर खालून अर्धवट काप, मग त्याच्याही बाहेर वरून, म्हणजे साल फाटत खाली जात नाही. उरलेला खुंट शेवटी कडेपाशी काढ. अमेरिकेच्या वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शायगो या शास्त्रज्ञाने चेनसॉनेच झाडं उभी चिरून पाहिलं आणि दाखवलं की झाड जखम भरून काढत नाही, आतून भिंत घालून ती बंद करतं. ही कड कापलीस तर ती भिंत घालायची जागाच गेली. मालक डांबर फासायला सांगेल. त्याने झाडाचं काही भलं होत नाही.

जिवंत माडावर लोखंडी काटे लावून चढायचं नाही. माडाची जखम कधीच भरत नाही आणि तिच्या वासावर सोंड्या भुंगा येतो. ताडी काढणाऱ्या रेंदेरांचे जुने खाचे असले तरी दोर लावूनच चढ. वर मशीन चालवताना दोन ठिकाणी बांधलेला राहा, त्यातला एक दोर पोलादी गाभ्याचा हवा.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा गोवाभर झाडं आडवी झाली. त्यातल्या कितीतरींची मुळं रस्त्याच्या चरासाठी एका बाजूने कापलेली होती. जांभ्याच्या कातळावर मुळं आधीच उथळ, त्यात अर्धी गेलेली. असं झाड पडलं की बुंधा आणि फांद्या ताणात असतात. कुठली बाजू दाबलेली, कुठली ताणलेली हे आधी बघ. दाबलेल्या बाजूला थोडा काप घे, मग ताणलेल्या बाजूने सोडव. उलट केलंस तर पट्टी अडकेल किंवा लाकूड उसळून अंगावर येईल. तारेवर पडलेल्या झाडाला लाइनमन समोर उभा राहून सांगेपर्यंत हात लावू नकोस. वीज गेलीय म्हणून तार मेली असं होत नाही, शेजारच्या घरातला जनरेटर उलटी वीज सोडू शकतो.

परवानगीचं मालकाला आधी विचार. आपल्याकडचा 1984 चा वृक्ष जतन कायदा खासगी जमिनीतल्या झाडालाही लागतो. वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याचा कागद डोळ्यांनी बघ. माडाला 2016 साली त्यातून वगळलं होतं, ओरड झाली, नंतर तो परत आला. तरी ‘माड म्हणजे कसलं झाड’ म्हणणारे अजून भेटतात. त्यांचं काम सोडून दे, दुसरं मिळेल.

चतुर्थीआधी एकदा फोंड्याला ये. बोथट झालेली चेन तशीच आण, दुकानात धार लावून आणू नकोस.

तुझा,
काका